खंडेनवमीचा फेटा

उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर फेटा दिसला आणि शहाजादीच्या हातातली सुतळी तिथंच गळून पडली!

सकाळपासून तिची बांधाबांध चालली होती. पितळी भांडी गोधडीत गुंडाळून झाली होती, माहेरहून आलेली हिरवी ट्रंक भरून झाली होती, आणि आता तिच्यावर सुतळी टाकून, एक पाय ट्रंकेला लावून ती गाठ आवळत होती... तोच हा माणूस असा दारात! मान खाली, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि डोक्यावर तो केशरी फेटा, मालकांच्या हातचा, कानाशी तुरा काढलेला.

त्या फेट्याचा अर्थ त्या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बाबासो मालकांच्या कारखान्याची ती रीत होती. खंडेनवमीला यंत्रं धुऊन, हत्यारं मांडून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची आणि नारळ फुटला की मालक स्वतःच्या हातानं आपल्या मोठ्या मिस्त्रीला फेटा बांधायचे. मग तो मिस्त्री हिंदू असो की मुसलमान. ज्यानं फेटा डोक्यावर घेतला त्यानं पुढच्या खंडेनवमीपर्यंत दुसऱ्या मालकाची पायरी चढायची नाही. कागद नाही, सही नाही, नुसती जबान. पण फेटा घेऊन पळालेल्या माणसाला सगळ्या पेठेत कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

आणि गौस मिस्त्रीनं यंदा फेटा घ्यायचा नाही हे तर महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं! चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं. दिवाळी झाली की हजर व्हायचं, राहायला खोली, खोलीत नळ... पण शहाजादीला त्या नळाचं कौतुक नव्हतं. तिथली लाकूडकामाची शेड भट्टीपासून लांब होती, मोकळ्या हवेत होती, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी तिनं बाबुजमालच्या दर्ग्यात गलेफाची चादर चढवायचा नवस केला होता. इथं कोल्हापुरात गौसची कामाची खोली भट्टीला पाठ लावून होती. सगळा धूर, सगळी राख त्या खोलीत यायची, आणि दोन वर्षांपासून जडलेला गौसचा खोकला काही केल्या हटत नव्हता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "ही हवा सोडली नाही, तर माझ्या औषधानं काही व्हायचं नाही."

"कुनी बांधला ह्यो?" सगळं कळूनही शहाजादीनं विचारलं.

"मालकांनी."

"आनि तुमी बांधून घेतला?"

गौसनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली त्याची म्हातारी आई हुसेनबीसुद्धा अडकित्ता तसाच धरून लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. तेवढ्यात धाडकन दार ढकलून धाकटा भाऊ चमन आत आला. त्यानं आपली पिशवी कोपऱ्यात अशी भिरकावली की आतली पटाशी बाहेर येऊन खणखणत लांब गेली.

"भाई, एवढं एकच सांगा मला," तो म्हणाला. "का घेतला फेटा?"

"मालकांनी आग्रह केला रं..."

"आग्रह! परवापर्यंत पुण्याला चाललोय म्हनून सांगत हुतासा! सगळा कारखाना मला म्हनत हुता, 'चमन, आता थोरल्याच्या जागंवर तूच.' मुरगूडच्या पावण्यांनी तेवढ्यासाठी पोरगी दिल्या. आनि आज सगळ्यांच्या म्होरं तुमी परत जाऊन त्या जागंवर बसलासा!" आणि मग, जन्मात पहिल्यांदा, बापाच्या जागी असलेल्या भावाशी तो अरेतुरेवर आला. "माझ्या ताटातला घास उचललास तू, भाई! सख्ख्या भावाच्या ताटातला!"

गौस खाली वाकून ती पटाशी उचलू लागला. पण शहाजादीला कुठलं राहवतंय! नळावर उभी राहिली तर अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी ती बाई.

"जीभ सांभाळ, चमन! कुनाला बोलालायस तू?"

"तुमालाबी बोलतोय, भाबी! तुमीच भरवलं असंल ह्येंच्या कानात. धाकट्याचं चांगलं झालेलं बघवंना झालं तुमाला!"

"मी? अरं, मी ही ट्रंक बांधून बसलोय, दिसत न्हाय व्हय तुला?"

"दाखवायला बांधली असंल!"

तो आला तसा निघून गेला. शहाजादी त्या अर्ध्या बांधलेल्या ट्रंकेवर मटकन बसली. बारा वर्षांचा असताना ज्याला हातानं भरवलं, तो पोरगा आज असं बोलून गेला होता. आणि तो फेटा का घेतला हे तिलाही माहीत नव्हतं.

परसात आंघोळीच्या दगडावर गौस बसला होता. फेटा त्यानं उतरून गुडघ्यावर ठेवला होता. शहाजादी समोर जाऊन उभी राहिली.

"आता मला सांगा. त्याला न्हाय तर न्हाय, मला सांगा."

तो फेट्याच्या जरीवरून बोट फिरवू लागला. मग हळूहळू बोलू लागला.

"आधी पगार वाढवतो म्हनले. चिंचवडएवढाच देतो म्हनले. मी हात जोडलं. म्हनलं, मालक, पैशाचं न्हाय, छातीचं हाय. मग दार लोटून घेतलं आनि म्हनले, 'मिस्त्री, तू जा. मी आडवत न्हाय. पर जाताना चमनलाबी घेऊन जा.'"

"का? त्यानं काय केलं?"

"'त्याच्या हातचा एक पॅटर्न सरळ उतरत न्हाय,' म्हनले. 'भोंगा झाल्यावर मागं थांबून त्याच्यावर कानस कोन मारतंय, मला ठावं न्हाय व्हय? तू हाईस म्हनून डोळं झाकलं. तू गेल्यावर कुनासाठी झाकू? तू ऱ्हा, उद्याच्या उद्या पोराला कायम करतो. आनि ही गोष्ट तुझ्या-माझ्यात ऱ्हाईल.' मी म्हनलं, माझी वाढ नको, पोराला कायम करा... आनि डोकं म्होरं केलं."

 ती तिथंच त्याच्या पायाशी बसली.

कारखान्यात पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. जो लोखंडी भाग ओतायचा तो आधी सागवानात घडवायचा, तो वाळूत दाबायचा, आणि वाळूत उमटलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लाकडात केसभर चूक झाली की ती लोखंडात उतरली, आणि लोखंडात उतरलेली चूक मग कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही. सगळा माल परत भट्टीत! त्या कामाला हात लागतो, पण हाताआधी डोळा लागतो. दोन्ही डोळे.

आणि चमनला एकाच डोळ्यानं दिसायचं. ती नवी नवरी होऊन या घरात आली त्याच साली पोराला देवी आल्या. अंग सगळं फुलून गेलं, वाचायची आशा सुटली. गल्लीतली माणसं दारावरून जाईनाशी झाली होती, आणि शहाजादी मात्र हातावरची मेंदी उतरायच्या आत त्या पोराच्या उशाशी लिंबाचा पाला घेऊन बसली. पोरगा वाचला, पण डाव्या डोळ्यातला उजेड गेला. बाहेरून डोळा जागच्या जागी, म्हणून लोकांना वाटायचं थोडा अधू असेल. चमन स्वतःसुद्धा "एकानं भागतंय माझं" म्हणून हसण्यावारी न्यायचा. पण ते हसणं फार पुढचं. आधी वर्षभर तो कणगीच्या मागं लपून बसायचा, पोरं चिडवतात म्हणून दारात यायचा नाही. मग गौस त्याला कारखान्यात घेऊन गेला, हातात सागाचा तुकडा दिला, आणि संध्याकाळी घरी येताना त्या पोराच्या मुठीत एक वेडंवाकडं लाकडी चाक होतं. त्या दिवशी तो देवीनंतर पहिल्यांदा खळखळून हसला. त्या हसण्यापायी भोंग्यानंतर भाऊ मागं थांबायला लागला होता... आणि आजवर थांबत होता!

"मग सांगा की त्याला!" ती कळवळून म्हणाली. "भाऊ हाय तुमचा, दुश्मन न्हवं!"

"सांगतो. लगीन तेवढं होऊ दे. मिस्त्री म्हनून पोरगी दिल्या त्येंनी. आज कळलं तर पावणं माघारी जातील, आनि ह्यो पुन्यांदा कनगीमागं जाऊन बसंल. ह्या खेपंला मला त्याला बाहीर काढाय जमायचं न्हाय गं."

"आनि तुमची छाती?"

"माझ्या छातीला काय हुतंय! लोखंडाची हाय..."

आणि बोलता बोलताच त्याला ढास लागली. लागली ती थांबेना. तशातच त्यानं तिचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची आन हाय तुला, शहाजादी. चमनला ह्यातलं एक अक्षर कळता कामा न्हाय. तू सांगायचं न्हाय. सांगीन तो मीच सांगीन."

तिच्या तळव्याखाली तो गळा थरथरत होता. अशा गळ्याची आण! ती कशी मोडणार होती ती? तिनं नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी तिनं गोधडीतली भांडी काढून पुन्हा फळीवर लावली. ट्रंकेची सुतळी मात्र सोडली नाही. ट्रंक तशीच भिंतीला लावून ठेवली आणि त्यावर घडी करून तो केशरी फेटा ठेवला.

लग्न झालं. मुरगूडची नजीरा सून होऊन आली, आणि महिना सरायच्या आत चमननं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल मांडली. जाताना आईला घेऊन गेला. हुसेनबीनं बोचकं काखेत मारलं, आणि उंबरा ओलांडताना थोरल्या सुनेकडं वळून जे बोलली ते कुठल्या दुश्मनानंही बोलू नये!

"तुझ्या कुशीत अल्लानं काय घातलं न्हाय, म्हनून दुसऱ्याचं भरलेलं घर तुला बघवंना. वांझेची नजर लागली माझ्या दोन लेकांना!"

शहाजादीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते एकच वाक्य होतं, आणि त्या एका वाक्यानं सासूची मान खाली गेली असती. पण तळहाताला तो थरथरता गळा आठवला, आणि आलेलं उत्तर तिनं आवंढ्याबरोबर गिळून टाकलं. लोकांना वाटलं, हिच्या मनात खोट आहे, नाहीतर ही बया गप्प बसली असती का? माणसाच्या गप्प बसण्यालासुद्धा किती कुलपं असतात, हे लोकांना कुठं ठाऊक असतं!

मोहरम आला. चमनला लहानपणापासून तिच्या हातचे गुळाचे चोंगे लागायचे. ताटभर चोंगे फडक्याखाली झाकून तिनं पाठवले. थोड्या वेळानं नजीराच ताट घेऊन दारात आली. चोंग्याला कुणी हातही लावलेला नव्हता. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाबी, मी लई सांगून बघितलं... ते घे म्हनंनात. म्हनत्यात, ज्या हातानं घास काढून घेतला त्या हातचं नको."

"असू दे गं, पोरी," शहाजादी म्हणाली. "गरम हाईत, तू खा एखादा." नजीरानं एक खाल्ला, डोळे पुसत.

आणि गौस? तो रोज सांगणार होता! लग्न झालं की सांगणार होता. मग नजीराला दिवस गेले. म्हणाला, तिची सुटका होऊ दे. सुटका झाली, पोरगी झाली. म्हणाला, बारसं होऊ दे. दोघं भाऊ एकाच खोलीत पाठीला पाठ लावून काम करायचे, एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत, आणि भोंगा झाला की धाकटा मान ताठ करून निघून जायचा. मग थोरला दार आड करून धाकट्याच्या पॅटर्नवर हलक्या हातानं कानस मारत बसायचा. त्याला वाटायचं हीच माया. त्या मायेनं भावाचं काम शिकायचं राहून चाललंय, हे त्या देवमाणसाच्या कधी ध्यानातच आलं नाही. दर खंडेनवमीला मालक फेटा बांधायचे, दर खंडेनवमीला शहाजादी दारात उभी राहून ते डोकं बघायची, आणि मुकाट्यानं नवा फेटा जुन्यावर ठेवायची. चिंचवडच्या लोकांनी दुसरा मिस्त्री केव्हाच घेतला होता. खोकल्याबरोबर आता रक्त पडू लागलं होतं.

सातव्या पावसाळ्यात गौसनं अंथरूण धरलं.

दुसरा जाणता माणूस हाताशी नव्हता, म्हणून मालकांनी मोठ्या मिस्त्रीच्या जागेवर चमनला बसवलं. इतकी वर्षं ज्या जागेसाठी तो जळत होता ती जागा त्याला मिळाली! नवा शर्ट घालून गेला तो पहिल्या दिवशी. पंपाच्या कवचाचा पॅटर्न त्यानं एकट्यानं केला, दिमाखात भट्टीकडं पाठवला... आणि ओतून आलेला सगळाच्या सगळा माल वाकडा निघाला. एकाही तुकड्याचं तोंड दुसऱ्याला जुळेना. त्यानं पुन्हा पॅटर्न केला. पुन्हा तसंच! मालक रागावले नाहीत. त्यांनी त्यातला एक तुकडा उचलून त्याच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "घरी जा, चमन. भोंगा झाल्यावर तुझा भाऊ मागं कशाला थांबत हुता, तेवढं इचारून ये."

भर दुपारी तो आला. इतक्या वर्षांनी तो उंबरा ओलांडून आला. शहाजादी चुलीपुढं काढा उकळत होती. त्यानं तो लोखंडी तुकडा तिच्यासमोर ठेवला.

"भाबी... भाई मागं कशाला थांबत हुते?"

ती काढा ढवळत राहिली.

"माझ्या पॅटर्नला हात लावत हुते व्हय? रोज?"

तिनं पदर तोंडात धरला. काढा उतू जाऊन चुलीत पडत होता, तरी ती हलली नाही.

"तेवढ्यासाठी फेटा घेतलता? तेवढ्यासाठी पुणं सोडलं? भाबी, बोला की काय तरी! मी एवढं वाटंल तसं बोललो, अम्मा बोलली, आनि तुमी... तुमी एका शब्दाला दहा शब्द देनाऱ्या... तुमी गप बसलासा?"

आण मोडली नाही तिनं. एक अक्षरही बोलली नाही. पण डोळ्यांना कुणी आण घातली नव्हती, ते घळाघळा वाहू लागले. चमननं ते बघितलं, आणि एवढा मोठा बाप्या लहान पोरासारखा तिच्या पायांवर कोसळला.

आतून क्षीण आवाज आला, "कोन हाय गं? चमन हाय व्हय?"

तो धावत आत गेला. अंथरुणात उरलेली ती भावाची नुसती सावली बघून त्याचं काळीज फाटलं. गळ्यात पडून रडला, आणि रडता रडता एकदम उसळून म्हणाला, "माझा डोळा गेलता, भाई, अक्कल गेली न्हवती! सांगायचं हुतं की! मी शिकलो असतो. न्हाय जमलं तर हमाली केली असती! तुमाला ह्या धुरात मारून मला कशाला मिस्त्री केलंसा?"

 इतक्या वर्षांत हा विचार गौसच्या मनाला शिवलाच नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "भ्यालो मी. तू मोडशील म्हनून भ्यालो."

शहाजादी दारात उभी होती. सात वर्षांपूर्वी परसात ती हेच सांगत होती.

संध्याकाळी हुसेनबी आली, नजीराच्या खांद्यावर हात ठेवून, पाय ओढत. थोरल्या लेकाजवळ जायच्या आधी ती सुनेपुढं उभी राहिली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझी जीभ झडून का गेली न्हाय गं त्या दिवशी?" एवढंच म्हणाली आणि तिच्या छातीवर डोकं टेकलं. शहाजादीनं म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला. राग धरावा असं तिला फार वाटत होतं, पण धरता आला नाही.

त्या दिवसापासून भोंगा झाला की चमन कारखान्यात थांबेना, तडक भावाच्या उशाशी यायचा. सागाचे तुकडे घेऊन यायचा. गौस त्याचे डोळे फडक्यानं बांधायला लावायचा, दोन्ही डोळे. "डोळा फसवतोय तुला. त्याचं ऐकू नगंस. बोट फिरीव. हळू... थांब. हितं काय लागलं?" "काय न्हाय." "परत फिरीव." असं चालायचं. शहाजादी बसल्या जागेवरून बघत राहायची. हे असं सात वर्षांपूर्वी, त्याच परसात, त्याच दगडावर बसून झालं असतं तर! पण तो विचार ती फार वेळ मनात ठेवत नसे. एकदा चमन म्हणाला, "भाई, बरं वाटलं की आपून सगळीच चिंचवडला जाऊ." गौस हसला. "आता मला कोन घेतंय रं?"

खंडेनवमी आली. सकाळी कारखान्यातली पूजा झाल्यावर बाबासो मालक स्वतः घरी आले. ताटात नारळ होता, पानसुपारी होती, आणि केशरी फेटा होता. कारखान्यात रीत मोडलेली त्यांना खपत नसे. अंथरुणाशी बसून त्यांनी फेट्याची घडी उलगडली.

गौसनं दोन्ही हात जोडले. 

"मालक, औंदा बांधू नका."

"का रं, मिस्त्री? रागावलास?"

"न्हाय, मालक. बांधून घेतला तर जबान द्यावी लागंल. आनि औंदा मला दुसऱ्या मालकाकडं जायाचंय... तिथनं सांगावा आलाय. त्येला न्हाय म्हनता यायचं न्हाय."

मालकांच्या हातातली घडी निसटली. एवढा करारी माणूस, पण त्यांना तिथं बसवेना. उठताना त्यांनी चमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत बाहेर गेले. फेटा अंथरुणाशी तसाच पडून राहिला.

दुपारी चमननं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला पॅटर्न बाहेर काढला. तोच, पंपाच्या कवचाचा. या खेपेला त्यानं तो डोळे मिटून, निव्वळ बोटांनी घडवला होता. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर भट्टीवर जाणार होता. गौसनं तो छातीवर घेतला आणि कडांवरून बोट फिरवू लागला.  बोट सरकत गेलं, वळलं, आणि एका जागी थांबलं.

शहाजादीच्या ओळखीचं होतं ते थांबणं. आता हा म्हणेल, "झ्याक झालंय." आणि पोरगा गेला की मागून कानस मागेल! 

गौसनं चमनचं बोट धरलं आणि त्या जागेवर ठेवलं.

"हितं लागतंय. केसभर जास्त हाय. कानस घे."

चमनचा चेहरा उतरला नाही. उलट इतक्या वर्षांत नव्हता एवढा उजळला. पण कोपऱ्यातून हुसेनबी म्हणाली, "अरं, आज खंडेनवमी. आज हत्यार उचलायचं न्हाय."

"आज उचल," गौस म्हणाला. "मी ऐकतो. आवाजावरनं कळतंय मला."

चमन पायथ्याशी मांडी घालून बसला. डोळे मिटले, आणि सकाळी कारखान्यात पुजलेली कानस पिशवीतून काढून हलक्या हातानं मारू लागला. खर्र... खर्र... "हलका हात," गौस म्हणाला. शहाजादीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला ढास लागेल म्हणून तिनं तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला, सवयीनं. गळा थरथरत होता. "आनखी थोडं," तो पुटपुटला. कानस चालत राहिली. बाहेर गल्लीत पोरं आपट्याच्या पानांसाठी ओरडत होती.

मग तिच्या तळव्याखालची थरथर थांबली.

तिनं हात तसाच ठेवला. थोडा वेळ वाट पाहिली. ज्या गळ्याची आण तिनं सात वर्षं वाहिली तो गळा आता शांत झाला होता, आणि ती मोकळी झाली होती. हवं ते बोलायला, हवं तेवढं ओरडायला मोकळी! आतून हुंदका वर आला होता... पण समोर चमन बसला होता, डोळे मिटून, सगळा जीव बोटात आणून. खर्र... खर्र... तिनं तो हुंदका गिळला. होऊ दे. एवढं त्याचं पुरं होऊ दे.

कानस थांबली. चमननं कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि डोळे न उघडताच पॅटर्न पुढं केला.

"भाई, आता बघा की."

शहाजादीनं नवऱ्याचा हात उचलला. अजून ऊब होती त्याला. त्याची बोटं तिनं त्या कडेवर टेकवली आणि हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. कुठं काही लागलं नाही.

"बराबर झालंय, चमन," ती म्हणाली. "भाईंनी बघितलं."